हातातील उत्खनन : ‘अनचार्टेड : गोल्डन अबिस’ या व्हिडिओ गेममधील खजिना, स्पर्श आणि संदर्भ

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, साहसकथा, पुरातत्त्व, पुरावस्तूंचा संदर्भ, पनामा

प्रस्तावना

गुप्त खजिन्याच्या शोधाची कथा जगातील बहुतेक सर्व भाषांत आढळते. आधुनिक काळात या कथेला जे रूप प्राप्त झाले त्याची घडण मुख्यतः इंग्रजी कादंबरीत झाली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ 1883 मध्ये आणि एच. रायडर हॅगार्ड यांची ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ 1885 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जुना नकाशा, दुर्गम प्रदेश, विश्वासघातकी सहकारी आणि अखेरीस दृष्टीस पडणारे सोने हा आकृतिबंध या कादंबऱ्यांनी रूढ केला. 1981 मधील ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाने त्यात पुरातत्त्वज्ञ नायक आणला. 1996 मधील ‘टूम रेडर’ या व्हिडिओ गेमने तोच आकृतिबंध खेळणाऱ्याच्या हाती दिला. 2007 मध्ये सुरू झालेली ‘अनचार्टेड’ ही गेममालिका याच परंपरेतील होय.

या मालिकेतील ‘अनचार्टेड : गोल्डन अबिस’ हा भाग प्लेस्टेशन व्हिटा या हातात धरून खेळावयाच्या कन्सोलसाठी तयार करण्यात आला. 17 डिसेंबर 2011 रोजी हे यंत्र जपानमध्ये विक्रीस आले, त्याच दिवशी हा गेमही तेथे प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी 2012 मध्ये तो अमेरिका व युरोपमध्ये उपलब्ध झाला. मालिकेतील मुख्य भाग नॉटी डॉग या संस्थेने घडविले असले तरी प्रस्तुत गेम सोनीच्याच बेंड स्टुडिओची निर्मिती आहे. कथानकाच्या कालक्रमानुसार तो मालिकेतील पहिल्या भागाच्याही आधी घडतो.

मराठीत व्हिडिओ गेमची समीक्षा अद्याप रुजलेली नाही. गेमचा विचार झालाच तर तो व्यसन, हिंसा आणि अभ्यासाकडे होणारे दुर्लक्ष या अंगांनी होतो. हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी त्यांतून गेमच्या अंतरंगाची ओळख होत नाही. कादंबरी किंवा चित्रपटाप्रमाणे व्हिडिओ गेमही जगाविषयी काही सांगत असतो. ते सांगणे शब्द आणि चित्रे यांबरोबरच खेळणाऱ्याकडून करवून घेतलेल्या कृतींमधून घडते. म्हणून गेम खेळणाऱ्याकडून कोणती कृती करवून घेतो आणि कोणती करवून घेत नाही, हा समीक्षेचा पहिला प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे ‘गोल्डन अबिस’चा विचार केला आहे. हा गेम पुरातत्त्वज्ञाच्या हाताच्या हालचाली खेळणाऱ्याला शिकवितो, मात्र ज्या गोष्टीमुळे त्या हालचालींना ज्ञानाचे मूल्य येते ती गोष्ट, म्हणजे वस्तूचा संदर्भ, तो वगळतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कथानकाचे स्वरूप

गेमचा नायक नेथन ड्रेक हा व्यवसायाने खजिनाशोधक आहे. सोळाव्या शतकातील इंग्रज दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक यांचा आपण वंशज असल्याचे तो सांगतो. जेसन दांते या जुन्या सहकाऱ्याबरोबर तो पनामात येतो. तेथे त्याची गाठ मारिसा चेस हिच्याशी पडते. तिचे आजोबा व्हिन्सेंट पेरेझ हे पुरातत्त्वज्ञ असून ते बेपत्ता झाले आहेत. रोबेर्तो ग्वेरो हा लष्करी म्होरक्या आपल्या सशस्त्र टोळीसह याच स्थळाच्या मागावर आहे. सात सुवर्णनगरींची आख्यायिका, मार्कोस दे निसा या ख्रिस्ती धर्मोपदेशकाची मोहीम आणि क्विविरा हे नगर यांचे धागे जुळवीत ड्रेक व चेस एका प्राचीन विवरापर्यंत पोहोचतात. तेथे सोने असते, मात्र ते किरणोत्साराने दूषित झालेले असते. ज्यांनी ज्यांनी त्याचा लोभ धरला त्यांचा त्याने नाश केलेला असतो. अखेरीस ते स्थळ कायमचे बंद करण्याचा निर्णय होतो.

कथानक म्हणून यात फारसे नावीन्य नाही. लोभी साथीदार, क्रूर सेनानी आणि शापित संपत्ती ही या प्रकारातील नेहमीची सामग्री आहे. संवाद मात्र चुरचुरीत आहेत. कथेचे लेखक जॉन गार्विन यांनी मालिकेतील मुख्य भागांचा खेळकर सूर बऱ्याच अंशी सांभाळला आहे. ड्रेकला आवाज देणारे नोलन नॉर्थ यांच्या अभिनयाचाही यात मोठा वाटा आहे. तथापि या गेमचे खरे वेगळेपण त्याच्या कथेत नसून तो खेळण्याच्या रीतीत आहे.

स्पर्शाची भाषा

प्लेस्टेशन व्हिटाला समोर 5 इंचांची टचस्क्रीन होती. यंत्राच्या पाठीमागेही स्पर्श ओळखणारा पृष्ठभाग होता. यंत्र कलते केल्यास ती हालचाल त्याला कळत असे. दोन कॅमेरेही त्यात होते. नव्या यंत्राची ही सारी वैशिष्ट्ये दाखविण्याची जबाबदारी जणू या गेमवर टाकण्यात आली होती. त्यामुळे यात बोटाने पडद्यावर फराटा ओढून वाटेतील बांबू तोडावे लागतात. पाठीमागच्या पृष्ठभागावर बोटे फिरवून दोर चढता येतो. ओंडक्यावरून चालताना तोल सांभाळण्यासाठी यंत्र डावीउजवीकडे कलते करावे लागते. कड्यावरील खाचांवरून बोट फिरविले की नायक त्या मार्गाने चढत जातो.

यांतील काही कृती यंत्राच्या जाहिरातीसाठी घातल्यासारख्या वाटतात. हाणामारीच्या ऐन क्षणी पडद्यावर बाण उमटतो आणि त्या दिशेने बोट ओढावे लागते, तेव्हा प्रसंगाची गती वाढण्याऐवजी खंडित होते. अखेरच्या द्वंद्वांत हा दोष विशेषत्वाने जाणवतो. ज्या कौशल्याचा सराव खेळणाऱ्याने तासन्‌तास केलेला असतो ते बाजूला ठेवून त्याला केवळ दाखविलेल्या दिशा गिरवाव्या लागतात.

याच तंत्राचा दुसरा वापर मात्र विचार करण्याजोगा आहे. सापडलेल्या वस्तूवरील माती बोटाने पुसून काढावी लागते. ती वस्तू फिरवून सर्व बाजूंनी पाहावी लागते. दगडावरील कोरीव चिन्हांवर कागद ठेवून कोळशाने ठसा उमटवावा लागतो. फाटलेल्या कागदाचे तुकडे जुळवावे लागतात. विशिष्ट जागी उभे राहून विशिष्ट चौकटीत छायाचित्र घ्यावे लागते. एके ठिकाणी तर जुन्या चर्मपत्रावरील अदृश्य मजकूर वाचण्यासाठी प्रत्यक्षातील दिव्यासमोर यंत्राचा कॅमेरा धरावा लागतो.

या कृतींचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. साहसकथेतील नायक पुरावस्तू पाहतो, उचलतो आणि पुढे जातो. येथे खेळणाऱ्याला थांबावे लागते. बोटाखालची माती हळूहळू निघून खालचे नक्षीकाम दिसू लागते, तेव्हा त्या वस्तूशी क्षणभर का होईना, एक संथ नाते जुळते. पुरातत्त्व हे ग्रंथालयाइतकेच हाताने करावयाचे शास्त्र आहे, ही जाणीव अनेक माहितीपटांना देता आलेली नाही. ती या लहानशा यंत्रावर येते, हे या गेमचे श्रेय मान्य केले पाहिजे.

ठसा आणि वाचन

असे असले तरी या कृतींचे स्वरूप अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. शिलालेखाचा ठसा घेण्याचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. भारतातील पुराभिलेखविद्येत ठसा घेताना शिळा आधी स्वच्छ केली जाते. तिच्यावर ओला कागद बसवून तो ब्रशने ठोकला जातो, म्हणजे अक्षरांच्या खाचांत तो खोल बसतो. नंतर वरून शाई लावली जाते. उंचवट्यावर शाई लागते आणि खाचा पांढऱ्या राहतात. एवढ्याने काम संपत नाही, तर खऱ्या अर्थाने येथूनच ते सुरू होते. झिजलेले अक्षर कोणते, दगडावरील खरवड कोणती आणि कोरक्याने केलेली रेघ कोणती, याचा निर्णय वाचकाला करावा लागतो. एका अंकाच्या वाचनावर लेखाचा काळ अवलंबून असतो. अक्षी येथील मराठी शिलालेखाच्या शकवाचनावरून अभ्यासकांत झालेला मतभेद मराठीच्या अध्यापकांना परिचित आहे.

‘गोल्डन अबिस’मधील ठसा याहून वेगळा आहे. कागदावर बोट पुरेसे फिरविले की चिन्ह पूर्ण उमटते आणि त्याची नोंद वहीत होते. ठसा अस्पष्ट राहण्याची, फसण्याची किंवा दोन प्रकारे वाचला जाण्याची शक्यता येथे नाही. फाटक्या कागदाचे तुकडेही सर्वच्या सर्व उपलब्ध असतात आणि ते एकाच रीतीने जुळतात. वास्तवात तुकडे हरवलेले असतात. हरवलेल्या भागाविषयी किती बोलावे आणि कोठे थांबावे, याचा विवेक हीच इतिहासकाराची कसोटी असते. गेममध्ये हात राबतो, परंतु शंकेला वाव राहत नाही. ज्ञानप्रक्रियेतील श्रम राहतात आणि निर्णय वगळला जातो.

गेम हे पाठ्यपुस्तक नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्तही आहे. योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ या 1938 मधील ग्रंथात खेळाला दैनंदिन व्यवहाराहून वेगळे स्थळ, वेगळा काळ आणि स्वतःचे नियम असतात हे दाखवून दिले आहे. खेळाच्या नियमांना शास्त्राचे नियम लावणे अन्यायाचे ठरेल. तथापि खेळात अनिश्चितता असू शकत नाही असे मात्र म्हणता येत नाही. पत्त्यांच्या डावापासून बुद्धिबळापर्यंत बहुतेक खेळांचा प्राण अपुऱ्या माहितीवर किंवा अनिश्चित परिणामांवर निर्णय घेण्यातच असतो. प्रस्तुत गेममध्ये गोळीबाराच्या प्रसंगी असा निर्णय पदोपदी घ्यावा लागतो. पुरावा समोर येतो तेव्हा मात्र निर्णयाची गरज उरत नाही. बंदुकीला दिलेली अनिश्चितता पुराव्याला नाकारली गेली आहे. ही रचनाकारांची निवड आहे आणि म्हणूनच ती समीक्षेचा विषय ठरते.

वस्तू आणि तिचा संदर्भ

दुसरा प्रश्न संग्रहाचा आहे. वाटेवर विखुरलेले दागिने, मूर्ती, ठसे आणि छायाचित्रे गोळा करीत जाणे हा या गेमचा मोठा भाग आहे. वस्तू मिळाली की ती वहीतील नेमून दिलेल्या रिकाम्या चौकोनात जाऊन बसते. एक संच पूर्ण झाला की बक्षीस मिळते. पराभूत शत्रूंकडूनही मौल्यवान चिजा मिळतात. कन्सोलवरील ‘निअर’ या सेवेद्वारे, ‘ब्लॅक मार्केट’ या नावाने, त्यांची इतर खेळाडूंशी देवाणघेवाण करण्याची सोय करण्यात आली होती. म्हणजे चोरबाजार हा शब्द येथे टीकेचा न राहता सोयीचे नाव बनला आहे.

पुरातत्त्वात वस्तूइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी आणि कोणत्या स्थितीत सापडली याला असते. याचे महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरण दायमाबादचे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या स्थळी 1974 मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ अशा या शिल्पांचे एकत्रित वजन 60 किलोहून अधिक आहे. त्यानंतर तेथे पद्धतशीर उत्खनन झाले. परंतु शिल्पे उत्खननापूर्वीच जमिनीबाहेर आलेली असल्याने ती नेमक्या कोणत्या थरातील, हे निर्विवादपणे सिद्ध करणे कठीण झाले. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी त्यांच्या काळाविषयी शंका उपस्थित केली. वस्तू आहेत, अप्रतिम आहेत, सुरक्षितही आहेत, तरीही त्यांचे सांगणे अपुरे राहिले. येथे कोणाचा लोभ नव्हता. केवळ संदर्भ निसटला आणि त्याची किंमत अभ्यासाला मोजावी लागली.

गेमची पार्श्वभूमी असलेल्या पनामातही हाच धडा मिळतो. कोक्ले प्रांतातील सितिओ कोंते येथे नदीच्या प्रवाहाने काठ खचून विसाव्या शतकाच्या आरंभी सोन्याच्या वस्तू बाहेर पडू लागल्या. 1930 च्या दशकाच्या प्रारंभी हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयाने आणि 1940 मध्ये जे. आल्डन मेसन यांच्या नेतृत्वाखाली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाने तेथे उत्खनन केले. त्याच परिसरातील एल कान्यो येथे 2008 पासून हुलिया मायो यांनी उत्खनन हाती घेतले. या दफनांतील सोन्याचे पत्रे आणि रंगीत मृत्पात्रे नेत्रदीपक आहेत. परंतु अभ्यासकांना त्यांतून मिळालेली खरी संपत्ती म्हणजे दफनांची रचना. कोणाच्या देहाभोवती काय ठेवले होते, कोणाबरोबर कोण पुरले गेले, यावरून त्या समाजातील सत्ता, श्रेणी आणि मृत्युविषयक कल्पना यांचा अंदाज बांधता आला. हेच सोने सुटे करून बाजारात विकले गेले असते तर त्याचा भाव ठरला असता, अर्थ मात्र लागला नसता.

‘गोल्डन अबिस’च्या वहीत असा अर्थ लावण्यास जागा नाही. वस्तू कोठे मिळाली याचा तिच्या मूल्याशी संबंध नाही. मूल्य संच पूर्ण होण्यावर अवलंबून आहे. कड्याच्या कोपऱ्यात चमकणारी प्रत्येक वस्तू खेळणाऱ्याला एकच गोष्ट सांगते : उचल. पुरातत्त्वज्ञ अशा वेळी नेमके उलट वागतो. तो हात मागे घेतो, मोजमाप करतो, चित्र काढतो आणि मग वस्तूला हात लावतो. माती पुसण्याची कृती शिकविणाऱ्या या गेमने हात मागे घेण्याची कृती शिकविलेली नाही.

इतिहासाचे स्थलांतर

गेमने वापरलेली ऐतिहासिक सामग्री पूर्णतः काल्पनिक नाही. मूर आक्रमणाच्या काळात आयबेरियातून निसटलेल्या सात बिशपांनी समुद्रापलीकडे सात नगरे वसविली, अशी आख्यायिका युरोपात प्रचलित होती. स्पॅनिश लोक अमेरिकेत पोहोचल्यावर ही नगरे तेथे असावीत अशी कल्पना बळावली. 1539 मध्ये मार्कोस दे निसा मेक्सिकोतून उत्तरेकडे निघाले. त्यांच्या पुढे एस्तेबान नावाचा, मूळचा मोरोक्कोतील गुलाम वाटाड्या म्हणून चालत होता. आज न्यू मेक्सिको राज्यात असलेल्या हाविकू या झुनी वस्तीवर तो मारला गेला. मार्कोस यांनी परतल्यावर आपण दुरून एक भव्य नगर पाहिल्याचे सांगितले. 1540 मध्ये फ्रान्सिस्को वास्केस दे कोरोनादो मोठ्या सैन्यासह तेथे पोहोचले, तेव्हा त्यांना दगडमातीच्या घरांची वस्ती आढळली. 1541 मध्ये ते क्विविराच्या शोधात आजच्या कॅन्सस राज्यापर्यंत गेले. तेथे गवताने शाकारलेल्या घरांत राहणारे शेतकरी होते. सोने कोठेच नव्हते.

गेमने हे क्विविरा उचलून 3000 किलोमीटरहून अधिक अंतरावरील पनामाच्या अरण्यात नेऊन ठेवले आहे. कल्पित साहित्याला असे स्वातंत्र्य असतेच. या स्थलांतराचा परिणाम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ घटनेचा गाभा सोने नसणे हा आहे. ऐकीव वार्तेवर विश्वास ठेवून एक सैन्य हजारो मैल चालले, वाटेत वस्त्या लुटल्या गेल्या, माणसे मारली गेली आणि हाती काही लागले नाही. सुवर्णनगरीची कथा ही अफवेच्या सामर्थ्याची कथा आहे. गेममध्ये अफवा खरी ठरते. मार्कोस यांनी सांगितले ते अतिशयोक्त नव्हते, तर त्यांनी सत्य दडविले होते, असे कथानक सुचविते. त्यामुळे इतिहासातील भ्रमनिरास पुसला जातो आणि शोधकर्त्यांच्या लोभाला भूतकाळाचीच साक्ष मिळते.

स्थानिक माणसाचे स्थान

या कथेत पनामा हे अरण्य, धबधबे आणि भग्नावशेष यांच्या रूपाने दिसते. छोट्या पडद्यावर साकारलेली ही दृश्ये त्या काळच्या हातातील यंत्रांच्या मानाने खरोखरच प्रभावी आहेत. माणसे मात्र जवळजवळ सर्वत्र हातात शस्त्र घेतलेल्या सैनिकांच्या रूपात येतात आणि खेळणाऱ्याने त्यांना ठार करावयाचे असते. पनामात न्गोबे, गुना, एम्बेरा इत्यादी आदिवासी समूह आजही राहतात. त्यांपैकी काहींना स्वायत्त प्रदेशही आहेत. अवशेषांविषयी त्यांचे काही म्हणणे असू शकते, हा विचार कथानकाला शिवत नाही. अवशेषांवर हक्क सांगणारे दोघेच : परदेशी खजिनाशोधक आणि क्रूर सेनानी.

येथे एका वस्तुस्थितीची नोंद घेणे उपयुक्त ठरेल. डिसेंबर 1989 मधील अमेरिकी लष्करी कारवाईनंतर 1990 मध्ये पनामाने आपले सैन्य विसर्जित केले आणि 1994 मध्ये घटनादुरुस्ती करून कायमस्वरूपी सैन्य न ठेवण्याचे ठरविले. असे सैन्य नसलेल्या मोजक्या देशांपैकी तो एक आहे. ग्वेरोची टोळी खासगी आहे असे मानले तरी, लष्करी म्होरक्यांचा मध्य अमेरिका हे जुने चित्र गेमने सहज उचलले आहे, हे दिसून येते. हॅगार्ड यांच्या कादंबऱ्यांतील आफ्रिकेप्रमाणे येथील पनामाही बाहेरून आलेल्या नायकाच्या साहसासाठी रिकामा केलेला रंगमंच आहे.

कथेचा निर्णय आणि खेळाचा हिशेब

कथेच्या अखेरीस सोने विषारी ठरते. निसर्गात सापडणारे सोने स्वतः किरणोत्सारी नसते, मात्र युरेनियमयुक्त खनिजांबरोबर ते आढळू शकते. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथील खाणींत हे दोन्ही एकत्र सापडते. त्यामुळे ही कल्पना सर्वस्वी निराधार नाही. तिच्यात एक चांगले रूपकही दडले आहे. पूर्वीच्या कथांत खजिन्याचे रक्षण शाप करीत असे. येथे तेच काम पदार्थविज्ञान करते. स्पर्श हा या गेमचा मुख्य व्यवहार असल्याने, ज्याला स्पर्श करू नये अशा वस्तूपाशी त्याचा शेवट होणे अर्थपूर्ण ठरू शकले असते.

परंतु कथेने घेतलेला हा निर्णय खेळाच्या हिशेबात उतरत नाही. विवरातील सोने सोडून द्यावे असे पात्रे ठरवितात, तेव्हा खेळणाऱ्याच्या वहीत वाटेवर उचललेल्या शेकडो वस्तू तशाच असतात. राहिलेल्या वस्तू गोळा करण्यासाठी जुन्या प्रकरणांत परत जाण्याचे निमंत्रणही त्याला मिळते. कथा त्याग शिकविते आणि खेळ संचय शिकवितो. कथा आणि क्रीडा यांतील अशा विसंगतीची चर्चा पाश्चात्त्य गेमसमीक्षेत 2007 पासून होत आली आहे. ‘अनचार्टेड’च्या संदर्भात ती सहसा हसतमुख नायक आणि त्याने घेतलेले असंख्य बळी यांच्याविषयी होते. प्रस्तुत गेममधील संचयाची विसंगती कमी ठळक असली तरी अधिक मूलभूत आहे, कारण ती गेमच्या मुख्य विषयाशी, म्हणजे भूतकाळातील वस्तूंशी असलेल्या नात्याशी निगडित आहे.

गेमचे स्वतःचे जतन

पुरावस्तूंविषयीचा हा गेम आता स्वतःच पुरावस्तू होण्याच्या मार्गावर आहे. प्लेस्टेशन व्हिटाचे उत्पादन 2019 मध्ये थांबले. 2015 मध्ये मालिकेतील पहिले तीन मुख्य भाग एकत्र करून प्लेस्टेशन 4 साठी पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले, त्या संचात ‘गोल्डन अबिस’चा समावेश नव्हता. देवाणघेवाणीसाठी वापरली जाणारी ‘निअर’ सेवाही पुढे बंद झाली. 2021 मध्ये व्हिटाचे ऑनलाइन दुकान बंद करण्याची घोषणा झाली होती, ती ग्राहकांच्या नाराजीनंतर मागे घेण्यात आली.

उद्या हा गेम दुसऱ्या यंत्रावर चालविता आला तरी पाठीमागचा स्पर्शपृष्ठभाग, दिव्यासमोर धरावयाचा कॅमेरा आणि हातात कलणारे वजन यांवाचून तो तोच अनुभव देईल काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे बहुतेक वैशिष्ट्य तो ज्या वस्तूत होता त्या वस्तूशी बांधलेले आहे. संदर्भापासून तोडलेली कृती अपुरी बोलते, हे तत्त्व गेमने आपल्या खजिन्याला लावले नाही. काळाने ते त्या गेमलाच लावले आहे.

समारोप

‘अनचार्टेड : गोल्डन अबिस’ ही सामान्य कृती नव्हे. माती पुसणे, ठसा घेणे, तुकडे जुळविणे या कृतींना तिने साहसकथेत स्थान दिले आणि भूतकाळ हा स्पर्शाने जाणावयाचा असतो याची चुणूक दाखविली. तिची मर्यादाही तेथेच आहे. स्पर्शानंतर येणारी शंका, नोंद आणि संयम यांना तिने स्थान दिले नाही. ऐतिहासिक भ्रमाला तिने सत्य ठरविले आणि स्थानिक माणसाला नेमबाजीचे लक्ष्य बनविले. कथेने अखेरीस सोन्याचा त्याग केला तरी खेळाने संचयाचेच कौतुक केले.

या विवेचनाचे महत्त्व एका गेमपुरते मर्यादित नाही. आपल्याकडे गुप्तधनाचा मोह कथांपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा समावेश करावा लागला, यावरून त्या मोहाची खोली कळते. दुसरीकडे 1878 चा निखात निधी अधिनियम आणि 1972 चा पुरावशेषविषयक कायदा यांनी जमिनीत सापडलेल्या वस्तूकडे सार्वजनिक ठेवा म्हणून पाहण्याची चौकट दिली आहे. मोह आणि ठेवा या दोन दृष्टींपैकी कोणती विद्यार्थ्यांत रुजते, हे केवळ इतिहासाच्या तासाला ठरत नाही. सुट्टीत त्यांच्या हातात असलेल्या पडद्यावरही ते ठरत असते.

अध्यापकांनी अशा गेमना वर्गाबाहेरची बाब मानून दुर्लक्षिण्यापेक्षा त्यांचा चर्चेसाठी उपयोग करून घेणे श्रेयस्कर ठरेल. ज्या विद्यार्थ्याने पडद्यावर बोट फिरवून ठसा पूर्ण केला आहे, त्याला एखाद्या झिजलेल्या शिलालेखासमोर उभे करून प्रत्यक्ष ठसा घ्यावयास लावावे आणि त्यातील एखादे अक्षर कोणते आहे, असे विचारावे. त्याला चटकन उत्तर देता येणार नाही. त्या अडखळण्यापासून इतिहासाच्या अध्ययनाला प्रारंभ होतो.